साठाला दोन कमी

माझ्या हातच्या चहाला दादाने आजवर त्रेसष्टच्या वर नेलेलं नाही. सत्तरपैकी. "उकळी बरी आहे, पण चव जरा दबलीय," असं म्हणतो आणि कप रिकामा करून पुन्हा पुढे धरतो. माझ्याच घरी बसून, माझीच साखर खाऊन! दुसरं कुणी असतं तर मी कप काढून घेतला असता. पण तो माझा थोरला भाऊ आहे आणि बेचाळीस वर्षं त्याने पोट भरलंय ते हेच करून, त्यामुळे त्याला बोलून काही उपयोग होत नाही.

दादा जुन्या नाण्यांची प्रत ठरवतो. नाणं किती जुनं ते वरच लिहिलेलं असतं, त्यासाठी दादा लागत नाही. ते किती जपलं गेलंय, किती झिजलंय, ते सांगायला तो लागतो. त्याच्या धंद्यात एक ते सत्तर असे आकडे आहेत. एक म्हणजे हे नाणं आहे एवढंच कळतं. सत्तर म्हणजे टाकसाळीतून निघाल्यापासून त्याला वारासुद्धा लागलेला नाही. आणि मध्ये साठावर एक रेघ आहे. साठ किंवा वर म्हणजे नाणं कधी वापरलंच गेलं नाही. साठाच्या खाली म्हणजे वापरलं गेलं, मग ते दिसायला कितीही देखणं असो. रेघेच्या अगदी खालचा आकडा अठ्ठावन्न. एकोणसाठ त्यांच्यात नाहीच. का नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच बुद्धीने एकोणसाठ आहे.

"एक तर वापरलंय, नाहीतर वापरलेलं नाही. मध्ये काय असतं?"

तरुणपणी मला एकजण लग्नाची मागणी घालायला आला होता. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, केसाला केस चिकटवलेला. आई तर विरघळलीच होती. तो गेल्यावर दादा म्हणाला, "घासलेला आहे. लांबून चमकतो, पण ती चमक त्याची नाही." मी चिडून चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पुढे त्या गृहस्थाचे प्रताप कळले तेव्हा दादाने एका शब्दाने मला टोमणा मारला नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मी मारला असता.

त्याचं दुकान म्हणजे कुलपं-किल्ल्या बनवणाऱ्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काचेची कपाटं आणि मालक. मागच्या खोलीत खिडकीशी दादा, हिरवं कापड ठोकलेलं टेबल, मान वाकवलेला एकच दिवा आणि गळ्यात काळ्या दोरीने अडकवलेलं भिंग. त्या भिंगामुळे सगळे त्याला भिंगकाका म्हणतात. बायकोला जाऊन त्याला अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. मी शेजारच्याच घरात राहते, तेव्हा त्याच्या जेवणाखाण्याची आणि त्याच्या हट्टांची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली आहे.

त्याचं काम बघायला मला आवडतं, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. आधीच चढून बसलेल्याला आणखी कशाला चढवायचं? चांदीचा जुना डॉलर आला की तो विशेष खुलतो. तळहाताएवढा नसला तरी भरगच्च तुकडा असतो तो. एका बाजूला कुरळ्या केसांची बाई, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. दादा तो दोन बोटांत कडेने धरतो. आधी भिंग लावतच नाही. हात लांब करून दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करतो. न वापरलेल्या चांदीवर उजेडाचे पट्टे पडतात आणि नाणं कलतं केलं की ते पट्टे गोल फिरतात. दादा याला चाक म्हणतो. चाक फिरताना कुठे अडलं, तुटलं, तर तिथे झीज. मग भिंग घेऊन उंचवटे बघायचे, कारण हात लागतो तो आधी उंचवट्यांना. बाईच्या कानावरचे केस, तिचा गाल, गरुडाची छाती. मग नाणं खाली ठेवून तो खिडकीबाहेर बघत बसतो, समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजत. आणि मग पुन्हा पहिल्यापासून. "पहिल्या नजरेला नाणं आवडतं," तो म्हणतो, "म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही." शेवटी पेन्सिलीने चिठ्ठी लिहितो. वर आकडा, खाली सही. त्या सहीला गावोगावचे लोक मानतात.

हे सगळं इतक्या कौतुकाने सांगायचं कारण असं की दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एका बाईला त्या टेबलाशी नेऊन बसवलं. माझाच आगाऊपणा.

या बाई माझे कपडे शिवतात. आमच्या गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर एक खोली, दाराशी शिलाई मशीन, मागे कापडांच्या चळती. वय माझ्याएवढंच, पासष्टीच्या आसपास. तोंडात टाचण्या धरूनसुद्धा त्या अखंड बोलायच्या आणि बोलण्यात दर दोन वाक्यांना "आमचे बाबा म्हणायचे" असायचंच. बाबा जहाजावर स्वयंपाकी होते. वर्षातून एक महिना घरी, अकरा महिने पाण्यावर. बाई जन्मल्या त्या दिवशीही बाबा कुठल्यातरी दूरच्या बंदरात होते. मुलगी झाल्याची तार हातात पडली आणि त्याच दुपारी पगार झाला, चांदीच्या डॉलरांत, बँकेतून आणलेल्या कोऱ्या नाण्यांच्या पिशवीतून. त्यातला एक बाबांनी बाजूला काढला, रुमालात गुंडाळला आणि ठरवलं, हा पोरीचा. पुढे लिहायला शिकल्यापासून सतरा वर्षं दर पत्रात ही बापाला विचारायची, "माझं नाणं आहे ना?" आणि दर पत्रात बाप लिहायचा, "आहे तसंच आहे. मी हातसुद्धा लावत नाही." जहाज सोडून कायमचे घरी आले तेव्हा त्यांनी ते तिच्या हातावर ठेवलं. बाकी त्या माणसाने मागे काही ठेवलं नाही. ना घर, ना जमीन, ना आठवणीसुद्धा फारशा, कारण घरी असायचेच कुठे? हे नाणं आणि ही गोष्ट एवढाच बाईंचा बाप.

"अहो, मग दादाला दाखवा की," मी म्हटलं. "तो बघून सांगेल, किती जपलंय ते." मला वाटलं होतं, दादा एकसष्ट-बासष्ट काहीतरी लिहून देईल आणि बाई ती चिठ्ठी चौकटीत घालतील.

दादाने नाणं कलतं केलं. भिंग लावलं. खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा कलतं केलं. मग चिठ्ठी लिहीत म्हणाला, "पन्नास. चांगलं आहे, पण वापरलेलं आहे."

"कोण वापरेल?" बाई हसल्या. "बाबांनी ते कुणाला दिलंच नाही."

"दोन्ही बाजू मंद आहेत, बाई. उजेड कुठे फिरतच नाही. हे पंचवीस-तीस हातांतून तरी गेलंय. कदाचित वडिलांनी नंतर कुठूनतरी घेतलं असेल. लोक घेतात."

दादाच्या मनात काही वाईट नव्हतं. नाण्याबद्दल जे दिसलं ते तो बोलला. पण समोर माणूस बसलंय याचं भान त्याला तेव्हा राहत नाही, हा त्याचा जुना दोष. बाईंनी रुमालाची चारी टोकं एकावर एक नीट घातली, "बरं" म्हणाल्या आणि उठल्या. जिन्यावरून उतरताना मी काहीबाही बोलत होते. त्या पुढे झपाझप उतरत होत्या.

त्यानंतर माझी मापं त्या गप्प राहून घ्यायला लागल्या. शिवण तशीच नीटनेटकी, वेळेवर. पण "आमचे बाबा म्हणायचे" हे त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. माझ्या काळजाला ते टोचत राहिलं. सतरा वर्षं बापाने दर पत्रात थाप मारली, पगाराचा डॉलर उडवून टाकला आणि परतताना कुठल्यातरी दुकानातून एक जुना घेऊन पोरीच्या हातावर ठेवला, असा त्या चिठ्ठीचा अर्थ होत होता. मी दादाला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मी वडिलांबद्दल काही लिहिलेलं नाही." खरंच नव्हतं लिहिलं.

दरम्यान दादाचं दिव्याशी भांडण सुरू झालं. दिवे हल्ली बेकार येतात, पिवळे पडतात, उजेडात दम नाही. चार महिन्यांत त्याने चार वेळा दिवा बदलला आणि दर वेळी दुकानदाराला जाऊन सुनावून आला. मग खिडकीची काच मळकी आहे म्हणून मालकाशी वाजलं. मालकाने काच बाहेरून पुसून घेतली तरी याचं समाधान नाही. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं, पण दादा तक्रार करत नाही असा दिवस असतोच कधी? एकदा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "कपाटाला पिवळा रंग कधी दिलास?" माझं कपाट पांढरंशुभ्र. मी किटली त्याच्या हातात दिली. त्याने अर्धा चहा कपात ओतला आणि अर्धा बशीच्या बाहेर.

"दादा, तुझे डोळे दाखवायचेत."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ज्याचं पोट डोळ्यांवर आहे त्याला आधी कळतं."

तीन आठवडे त्याने मला दाद दिली नाही. घाबरला होता, दुसरं काय! शेवटी मी जेवण बंद करण्याची धमकी दिली तेव्हा आला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या भाचीएवढ्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. दीड-दोन वर्षं तरी तुम्ही सगळं पिवळ्या, धुरकट काचेतून बघताय."

एकेक करून दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दुसरी पट्टी काढली तेव्हा मी समोरच उभी होते. दादाने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

"तुझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या?"

"दीड वर्ष तू मला जास्त आकडा देत होतास," मी म्हटलं, "आता उतरवून घे."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. दादा मात्र हसला नाही. त्याच्या डोक्यात त्याच वेळी काहीतरी सुरू झालं असणार, कारण दुकानात जाण्याची परवानगी मिळाल्याच्या पहिल्याच सकाळी तो मला घेऊन थेट मागच्या खोलीत गेला. त्याच्याच हातच्या चिठ्ठ्या लावलेली नाणी ठेवलेला खण त्याने ओढला. एक डॉलर उचलला. चिठ्ठीवर त्रेपन्न. दिव्याखाली कलता केला.

"चाक फिरतंय," तो म्हणाला.

दुसरा उचलला. तिसरा. अकरा नाणी बघितली. त्यांतली सात न वापरलेली निघाली आणि सातही नाण्यांना त्याने वापरलेलं म्हटलं होतं. ज्या उजेडावर तो नाणं पारखायचा, तो उजेडच त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचत नव्हता. मी त्याला इतका खचलेला त्याच्या बायकोच्या आजारपणातही बघितलं नव्हतं. टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून बसला होता. मग म्हणाला, "ती शिवणवाली बाई."

मीही तिचाच विचार करत होते.

मालकाचं म्हणणं सरळ होतं. दुकानातल्या चिठ्ठ्या बदला, बाहेर गेलेलं उकरून काढू नका, दुकानाचं नाव खराब होईल. दादा म्हणाला, "सही माझी आहे." त्याच्याकडे प्रत्येक चिठ्ठीची नक्कल असते. त्याने दोन वर्षांच्या सगळ्या काढल्या, एकशे अडतीस भरल्या, आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. त्या काळात माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, माझ्या आकड्यावर विसंबू नये, नाणं आणून पुन्हा दाखवावं. मालक तीन दिवस फुगून बसला आणि चौथ्या दिवशी स्वतःच पाकिटांवर तिकिटं चिकटवायला लागला. लोक यायला लागले. कुणी हसले, दोघंतिघं भांडले, एका म्हाताऱ्याने दादाला मिठीच मारली. काही नाण्यांचे आकडे चढले, पुष्कळशी होती तिथेच राहिली.

शिवणवाल्या बाई आल्या नाहीत. मी कपडे शिवायचं निमित्त काढून गेले.

"पत्र मिळालं का?"

"मिळालं," त्या म्हणाल्या. मशीन थांबवलं नाही.

"मग या ना. दादा वाट बघतोय."

"एकदा ऐकलं तेवढं पुरे, ताई. दुसऱ्यांदा तेच ऐकायची माझी ताकद नाही."

मी घरी येऊन दादाला सांगितलं आणि पुढचंही माझ्या तोंडून निघून गेलं. "तू जा आणि सांगून टाक, साठ आहे म्हणून. कुणाचं काय जातंय?"

"न बघता?"

मी त्याला दरोडा घालायला सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता.

"बघून पन्नासच निघालं तर काय करशील?"

"पन्नास सांगेन."

"अरे, नाणं आहे ते! ती माणूस आहे!"

"माणूस आहे म्हणूनच," तो म्हणाला. "खोटा साठ तिला कळेल. शिवणकाम करणारीला कापडावरचा हात कळतो." मला त्याचा इतका राग आला की मी दोन दिवस त्याचा डबा दारातच ठेवला, आत गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच माझ्या दाराशी उभा. हातात कापडी पिशवी, पिशवीत दुकानातला दिवा, वायर बाहेर लोंबतेय.

"चल. ओळख तुझी आहे. मला एकट्याला ती दारातून परत पाठवेल."

बाईंनी परत पाठवलं नाही, पण या-बसाही म्हणाल्या नाहीत. मशीनवर एक लांब शिवण चालू होती. दादा दारातच उभा राहिला. इतकी वर्षं लोक त्याच्या टेबलाशी येत आलेत, तो कुणाच्या दारात असा उभा राहिलेला मी पहिल्यांदा बघत होते. त्याने घसा साफ केला.

"बाई, मी चुकलो असेन किंवा नसेन, मला अजून माहीत नाही. पण त्या दिवशी मला दिसत नव्हतं आणि दिसत नसताना मी तुमच्या वडिलांबद्दल बोललो. त्याची माफी मागायला आलोय. नाणं दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर मी जातो."

बाईंनी शिवण शेवटपर्यंत नेली. दोरा तोडला. मग उठून वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. बटणांचा डबा. शे-दोनशे बटणं खळखळून पडली आणि त्यांच्यात तो डॉलर. रुमाल नाही, काही नाही. एरवी नाणं असं टाकणाऱ्याला दादाने फाडून खाल्लं असतं. आज त्याने दोन बोटांनी बटणं बाजूला केली आणि नाणं कडेने उचललं.

दिवा लावायला जागा करून दिली ती मी. मशीनचा प्लग काढून आमचा घातला. दादाने हात लांब केला, नाणं कलतं केलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. बाई मात्र दादाकडे बघतच नव्हत्या, खाली पडलेली बटणं वेचत होत्या. त्याने नाणं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. भिंग लावलं. इथे बघायला गच्ची नव्हती, म्हणून तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्याखाली रंगाचा एक चौकोनी तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. मग त्याने नाणं पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मला वाटतं, वीस मिनिटं गेली असतील.

"बाई, इकडे या," तो म्हणाला. "हे बारीक ओरखडे बटणांचे. ते सोडा, त्यांचा झिजेशी संबंध नाही. आधी गरुड बघा. मी नाणं कलतं करतो, तुम्ही फक्त उजेड बघा."

बाई वाकल्या. मीही वाकले. उजेडाचे पट्टे गरुडाभोवती गरगर फिरले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही न अडता.

"या बाजूला माणसाचा हात लागलेलाच नाही. छातीवरचं पीसन् पीस जागेवर आहे. आता नाण्यावरच्या बाईची बाजू. नाणं बाजारात फिरलं की सगळ्यात आधी कानावरचे हे केस जातात. गेलेत का? नाही. कड बोथट झालीय का? नाही. आता गालावर बघा."

उजेड चेहऱ्याभोवती फिरला आणि गालावर येऊन विझला. अंगठ्याच्या पेराएवढा एक मंद डाग. त्याच्या पलीकडे उजेड पुन्हा सुरू.

"पंचवीस-तीस हात नाहीत. मी बोललो ते चूक होतं," दादा म्हणाला. "हे नाणं कधी कुणाला दिलेलं नाही, दुकानातून घेतलेलं नाही. हा एकच हात आहे. एकाच माणसाने एकाच जागी अंगठा फिरवलाय. हळूच फिरवलाय, पण खूप वर्षं. एवढं व्हायला रोज काढून बघावं लागतं."

बाईंनी भिंग मागून घेतलं आणि पुन्हा बघितलं.

"मग आकडा?" शेवटी मीच विचारलं.

"अठ्ठावन्न."

मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. दोन! दोनच तर कमी होते! तिथे त्या टेबलाशी दोन आकडे सोडले असते तर कोण याला फासावर देणार होतं? पण दादा पेन्सिल काढून चिठ्ठी लिहायलाही लागला होता. अठ्ठावन्न, खाली सही, आणि त्याखाली, बेचाळीस वर्षांत कुठल्याही चिठ्ठीवर लिहिली नसेल अशी ओळ. 'झीज एकाच हाताची.'

"पण बाबा तर म्हणायचे, मी हातसुद्धा लावत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "दर पत्रात लिहायचे."

"तेवढं ते खोटं बोलले," दादा म्हणाला.

बाईंनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग मशीनचा खालचा खण ओढला. आत कापडाच्या चिंध्या होत्या आणि चिंध्यांच्या तळाशी, काच खाली करून ठेवलेला, एक फोटो. जाड मिशांचा, कान पुढे आलेला, कॅमेऱ्यासमोर अवघडलेला एक माणूस. त्यांनी पदराने काच पुसली.

"दीड वर्ष झालं, ताई," त्या मला म्हणाल्या. "त्याआधी रोज सकाळी बोलायचे मी यांच्याशी. मशीन सुरू करायच्या आधी. दीड वर्ष एक शब्द बोलले नाही." मग त्यांनी दादाकडे बघितलं. "भाऊ, राग मानू नका, पण तुम्ही दोघं जरा बाहेर थांबता का?"

आम्ही बाहेर आलो. दार अर्धवट ओढून घेतलं गेलं. गल्लीतून एक सायकलवाला गेला. दादा डोळे चोळायला लागला तसा मी त्याचा हात धरून खाली ओढला. नव्या डोळ्यांना हात लावायची अजून महिनाभर मनाई होती. म्हणून तो हात खाली सोडून तसाच उभा राहिला आणि पाणी गालांवरून वाहू दिलं.

आतून बाईंचा आवाज येत होता. त्या बापाला झापत होत्या, अगदी भरभरून, दीड वर्षाचं एकदम.

"हातसुद्धा लावत नाही म्हणे! रोज काढून बसायचात आणि मला सांगायचं नाही? एवढी आठवण यायची तर लिहायचं होतं ना, बाबा! मी काय हसणार होते का तुम्हाला?"